समक्ष नष्ट केले

आमच्या शहरात सतरा आरोग्य केंद्रं होती. दर महिन्याच्या बैठकीत भिंतीवर एक तक्ता लागायचा: कुठल्या केंद्रानं गोवराची लस किती वाया घालवली. सगळ्यात खालचं नाव लाल शाईत लिहीत. तीन वर्षं तिथं आमच्याच केंद्राचं नाव होतं, आणि त्या लाल नावाच्या धनीण म्हणजे आमच्या लसवाल्या ताई. त्यांच्याविषयी आज लिहितोय. मी निवृत्त झालोय, निवृत्तिवेतन सुरू झालंय, आता माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही. एवढ्यामुळेच ही हिंमत आलीय, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी त्या केंद्राचा कोठीवाला. लसींचा फ्रीज, सुया, कापूस, फिनेल, कोरी रजिस्टरं, सगळं माझ्या ताब्यात. फ्रीजच्या काट्याकडे सकाळ-संध्याकाळ बघायचं, आकडा लिहायचा, खाली सही करायची. आयुष्यात काय केलंत असं कुणी विचारलं, तर सह्या केल्या, असंच उत्तर मला द्यावं लागेल.

ताई बुटक्या, अंगानं भरलेल्या आणि आवाजानं त्याहून भरलेल्या. वीस वर्षं लसीची पेटी उजव्या खांद्याला लावून हिंडल्यामुळे तो खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. हात मात्र असा हलका, की सुई टोचली हे पोराला कळायच्या आत त्या कापूस लावून मोकळ्या. पोर रडायला तोंड उघडायचं तेव्हा त्या आईला झापत असायच्या. "दंडाला एवढं तेल कशाला चोपडलंत? सुई टोचायचीय मला, तळायचं नाहीये त्याला."

माया, करुणा वगैरे शब्द त्यांना चिकटवू नका. त्यांना चालणारही नाही. वाया घालवणं मात्र त्यांना सहन व्हायचं नाही. टूथपेस्टची नळी संपली की त्या कात्रीनं उभी चिरून आतलं खरवडायच्या. आलेल्या पाकिटांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर सामानाची यादी. त्यांचे यजमान पूर्वी बस चालवायचे, गुडघे गेल्यापासून खिडकीत बसून गल्लीतली रहदारी सांभाळायचे. ते म्हणत, "आमच्या घरातली कचऱ्याची टोपली उपाशी मरते." घर म्हणजे केंद्राच्या मागच्या बाजूला खात्यानं दिलेल्या दोन खोल्या. त्यात यजमान, औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी आणि मुलीची मुलगी, पाच महिन्यांची. नोकरी आहे तोवर खोल्या, नोकरी गेली की बोचकी बांधायची. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि वरच्या साहेबांनाही ठाऊक होतं.

आता पलीकडच्यांबद्दल. सीमेपलीकडून आलेले म्हणून 'पलीकडचे'. केंद्रापासून दहा मिनिटांवर हातमोज्यांचा कारखाना, आणि कारखान्याच्या पाठीमागे त्यांच्या पत्र्याच्या खोल्या, एकीला एक लागून. हातमोजे त्यांनी शिवायचे, आमच्या फरशा त्यांनी पुसायच्या, आमची लेकरं त्यांनी कडेवर घ्यायची, आमच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची कूस त्यांनी बदलायची. यातलं काही कुणाला खुपत नव्हतं. त्यांनी आजारी मात्र पडायचं नाही, एवढीच आमची माफक अपेक्षा होती. पडलेच, तर आमच्या नकळत.

एका वर्षी वरून हुकूम आला: सेवा फक्त रहिवासी कार्ड असणाऱ्यांना. दाराशी पाटी लागली. आमच्या खिडकीवरच्या कारकुनाला तर आयतं कोलीत मिळालं. एरवी याला स्वतःच्या सासऱ्याचं नाव लिहायला दहा मिनिटं लागायची, पण पलीकडची बाई दिसली की "कार्ड?" हा शब्द ती दारातून आत यायच्या आधी त्याच्या तोंडातून बाहेर. बाकीच्या केंद्रांतले डॉक्टर जरा नरम होते. मूल तापानं फणफणलेलं असेल तर 'तात्पुरती चिठ्ठी' देऊन तपासत. आमच्या केंद्रात मात्र तीन वर्षांत एकही चिठ्ठी फाटली नाही. रजिस्टर धुतल्या तांदळासारखं.

लस खात्याच्या ज्या प्रमुखांनी हा हुकूम मोठ्या हौसेनं राबवला त्यांना आम्ही टक्केसाहेब म्हणायचो. भलता अर्थ काढू नका, माणूस पैशाला शिवत नव्हता. त्यांना वेड टक्केवारीचं. कुणी जेवलात का विचारलं तरी हे किती टक्के ते सांगतील, अशी त्यांची ख्याती. "आपली लस आपल्या लोकांसाठी," असं ते टेबलावर बोट आपटत म्हणायचे, जणू गोवर दारावर थांबून आधी कार्ड बघतो आणि मग आत शिरतो.

गोवराच्या लसीचं गणित थोडं समजून घ्यायला लागेल, अवघड नाही. एका कुपीत दहा डोस. कुपीत कोरडी पूड असते, त्यात पाणी मिसळलं की चार तास. चार तासांत दहा पोरं आली तर दहा डोस लागले, तीन आली तर सात उरले. उरलेले ठेवता येत नाहीत, ओतून टाकायचे. आणि ओतल्याची नोंद करायची: 'उरलेले डोस कोठीवाल्याच्या समक्ष नष्ट केले.' खाली लसवालीची सही आणि कोठीवाल्याची सही. म्हणजे माझी.

हुकमानंतरच्या पहिल्याच मंगळवारी कार्डवाली दोन पोरं आली. आठ डोस उरले. ताई कुपी घेऊन मागच्या ओसरीकडे गेल्या, तिथं पाण्याची टाकी आहे, मोरीत ओतायचं म्हणून. टाकीवर कारखान्याच्या बायका कॅन भरत होत्या. खात्याला पाण्याची कटकट नव्हती, पाण्याला कार्ड लागायचं नाही. तीन-चार जणींच्या पाठीला पोरं बांधलेली. ताई कुपी हातात धरून उभ्या राहिल्या. मी कोठीच्या दारातून बघत होतो. मग त्या वळल्या आणि माझ्याकडे आल्या.

"कोठीभाऊ, चार सुया द्या."

"कशाला?"

"वाकल्या."

"अजून दिल्याच नाहीत, तर वाकल्या कशा?"

"वाकणार आहेत," ताई म्हणाल्या. "आणि तुम्ही इथंच बसा. उगाच ओसरीवर येऊ नका. तुम्हाला वाऱ्यानं सर्दी होते."

मला आयुष्यात कधी वाऱ्यानं सर्दी झालेली नाही. पण त्या दिवसापासून होऊ लागली. मी चार सुया दिल्या, 'सदोष' असं लिहिलं, आणि संध्याकाळी 'आठ डोस माझ्या समक्ष नष्ट केले' याखाली सही ठोकली. चार पोरांच्या दंडात गेले ते चार डोस आणि मोरीत गेले ते चार, दोन्ही कागदावर एकाच शब्दात बसले. कागद पोटात काहीही घेतो.

पुढचं मात्र मला कधी सुचलं नसतं. बाकीच्या केंद्रांतल्या लसवाल्या शहाण्या होत्या. महिन्यातली सगळी पोरं एकाच दिवशी बोलवायच्या, म्हणजे कुपी पुरती संपते, वाया कमी जातं, तक्त्यावर नाव वर चढतं. ताईंनी बरोबर उलटं केलं. कार्डवाली आठ पोरं असतील तर त्या तिघांना मंगळवार द्यायच्या, तिघांना शुक्रवार आणि दोघांना पुढचा मंगळवार. प्रत्येक वेळी नवी कुपी उघडावी लागायची. प्रत्येक वेळी सात-आठ डोस 'वाया'. आणि मंगळवार-शुक्रवार टाकीवर कॅन घेऊन बायकांची रीघ. त्यातल्या अर्ध्या कॅनांना बूडही धड नसायचं.

जिला टूथपेस्टची नळी टाकवत नव्हती, ती बाई तीन वर्षं शहरातली सगळ्यात उधळी लसवाली म्हणून गाजली.

तिकडे ओसरीवर प्रेमाचे पाट वगैरे वाहत नव्हते. ताईंनी त्या लोकांच्या भाषेतले दहा-बारा शब्द शिकून घेतले होते, सगळे झापायचे. रांगेत राहा. आवाज बंद. बाही वर. याचं नाक पूस. "यांना रांग कशाशी खातात ते कळत नाही," म्हणून माझ्यापाशी करवादायच्या. एकदा मी म्हटलं, "एवढा वैताग येतो तर कशाला हा धोंडा पायावर? कुणी पाहिलं तर नोकरी जाईल, खोल्या जातील. यजमानांना घेऊन कुठं जाणार?"

त्या तेव्हा सुयांचे डबे मोजत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माझी नात पाच महिन्यांची आहे. नऊ महिन्यांची झाल्याशिवाय तिला सुई देता येत नाही. तोवर तिला कोण राखणार? मी? टक्केसाहेब? तिला सांभाळायला जी मुलगी येते, ती पत्र्याच्या खोल्यांतली. तिची दोन भावंडं आहेत. त्यांना गोवर झाला नाही तर माझ्या नातीला होणार नाही. एवढंच आहे, भाऊ. मी दानधर्म करत नाहीये. मी माझ्या दाराला कडी लावतेय."

एवढी साधी गोष्ट. आमच्या खात्यात अकरा जण परदेशी शिकून आलेले होते, त्यांना ती शेवटपर्यंत समजली नाही.

महिन्याच्या बैठकीत ताईंची हजेरी घ्यायचा कार्यक्रम ठरलेला. टक्केसाहेब पट्टीनं लाल नावावर टकटक करायचे. "एकाहत्तर टक्के! बाई, एकाहत्तर टक्के लस तुम्ही मोरीत ओतता. काळजाला काही वाटतं की नाही?" बाकीच्या लसवाल्या तोंडाला पदर, रुमाल, मिळेल ते लावून हसायच्या. ताई मान खाली घालून उभ्या. "हात थरथरतो, साहेब. वय झालं. कुपी फुटते." ज्या हाताखाली पोर हूं म्हणत नव्हतं, तो हात थरथरतो म्हणे! आणि मी बाजूच्या खुर्चीत बसून छताचा पंखा न्याहाळायचो. छत्तीस बैठका पंखा न्याहाळला मी. त्याला तीन पाती होती.

मग गोवर आला. चार केंद्रांच्या हद्दीत, एका पाठोपाठ. आधी पलीकडच्यांच्या वस्त्यांत, आणि दोन आठवड्यांत आमच्या आपल्यांच्या घरांत. गोवर म्हणजे अंगावर चार लाल ठिपके असं ज्यांना वाटतं, त्यांनी मोठ्या दवाखान्यातला तो वॉर्ड बघायला हवा होता. एका खाटेवर दोन-दोन पोरं, डोळे चिकटलेले, छाती भात्यासारखी वरखाली. पेपरांत फोटो आले. मंत्र्यांपासून सगळ्यांना एकदम बालप्रेमाचं भरतं आलं.

आमच्या केंद्राच्या हद्दीत एकही केस नव्हती. खरोखर एकही नाही. सगळ्यात मोठी वस्ती आमच्याकडे, सगळ्यात दाट पत्रे आमच्याकडे, आणि गोवर वेशीवर येऊन परत गेला.  मंगळवार-शुक्रवारच्या जोडीला ताईंनी बुधवारही सुरू केला, आणि माझ्या सुया धडाधड वाकू लागल्या.

टक्केसाहेबांनी शोध लावायचा ठरवला. चारी केंद्रांची रजिस्टरं मागवली. पाहतात तर काय, जिथं गोवर, तिथं तात्पुरत्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवाल्या पोरांत गोवराचं प्रमाण अठ्ठ्याऐंशी टक्के! आणि आमच्याकडे चिठ्ठी शून्य, गोवर शून्य. साहेबांच्या अंगावर आनंदानं काटा आला असणार. चिठ्ठी मुळात दिलीच जायची ताप चढलेल्या पोराला, हे त्या चौऱ्याहत्तर पानी अहवालात कुठंही नव्हतं. छत्र्या उघडल्या की पाऊस पडतो, असं सिद्ध करून त्यांनी छत्र्या बंद करायची शिफारस केली. सतराही केंद्रांत चिठ्ठी बंद. आमचं केंद्र आदर्श.

त्यासाठी मोठ्या सभागृहात बैठक भरली. सगळी केंद्रं, सगळे डॉक्टर, वरून आलेले दोन पाहुणे. आमच्या केंद्राला प्रशस्तिपत्र द्यायचं होतं, आणि त्याच बैठकीत ताईंना लस उधळल्याबद्दल लेखी ताकीद. दोन्ही कागद एकाच फायलीत होते. साहेबांना यात काही विचित्र वाटलं नाही. खिडकीवरचा कारकून नवा शर्ट घालून आला होता, कारण रजिस्टर त्याचं.

साहेब बोलायला उभे राहिले. नियम कडक पाळला की रोग दूर राहतो, याचं उदाहरण म्हणून त्यांनी आमचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. "उद्यापासून हाच नियम सर्वत्र," ते म्हणाले. आणि ताई उठल्या.

"साहेब, चिठ्ठ्या बंद करू नका."

"बाई, तुमचा विषय नंतर आहे."

"माझाच विषय आहे हा. आमच्याकडे गोवर आला नाही, कारण पलीकडच्यांच्या पोरांना मी सुया दिल्यात. तीन वर्षं. मी ओतलेलं नाही काही. वाया म्हणून जे लिहिलंय ना, ते पोरांच्या दंडात आहे."

  ताई घाबरलेल्या दिसत नव्हत्या, चिडलेल्या दिसत होत्या. रांग मोडणाऱ्या बायकांवर चिडायच्या तशाच.

टक्केसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "नोंद कुठाय?"

"नोंद कशी असणार? कार्ड नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर नोंद नाही. नियम तुमचाच आहे."

"मग पुरावा काय? टोचल्याची खूण असेल ना पोरांना?"

"गोवराच्या सुईची खूण राहत नाही साहेब." ही गोष्ट लस खात्याच्या प्रमुखाला त्यांच्याच लसवालीनं भर सभेत सांगावी लागली. "सुया मोजा. एवढ्या सुया वाकतात का कुठं?"

साहेबांनी बाजूच्या माणसाला सांगितलं, "सुयांचा पुरवठादार बदलायला हवा. लिहून घ्या." त्यानं लिहून घेतलं.

"मग रक्त तपासा," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढला होता. "कुठल्याही वीस पोरांचं रक्त घ्या. कळेल सुई मिळालीय की नाही."

वरून आलेल्या पाहुण्यांपैकी एकानं मान हलवली, म्हणजे कल्पना त्याला पटली असावी. पण टक्केसाहेब नियमाचे पक्के. "बिगरकार्डवाल्यांचं रक्त आपल्या प्रयोगशाळेत? कुठल्या नियमाखाली?"

यावर सभागृहात कुणी हसलं नाही. मला वाटतं, एवढ्या शिकल्यासवरलेल्या दोनशे माणसांत एकजण जरी हसला असता तरी सगळं बदललं असतं. पण सगळे गंभीर होते. कुणीतरी 'मुद्दा बरोबर आहे' असंही पुटपुटलं.

मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची सही आहे. प्रत्येक नोंदीवर. 'माझ्या समक्ष नष्ट केले.' तुमच्या समक्ष नष्ट केले की नाही?"

ताईही माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. माझ्याबद्दल त्यांना खात्री होती, हे मला तेव्हाही दिसलं आणि आजही दिसतं. मी 'नाही' म्हटलं असतं तर एवढंच झालं असतं: खोट्या सह्यांबद्दल माझी चौकशी लागली असती, तीन वर्षांवर आलेली निवृत्ती लटकली असती, आणि चिठ्ठ्या चालू राहिल्या असत्या.

मी उभा राहिलो. "सही माझी आहे, साहेब. नोंदीत 'नष्ट केले' असंच आहे."

शब्द किती नीट निवडले होते मी! एकही खोटा नाही. तेवढी अक्कल होती मला.

"बसा," साहेब म्हणाले. आणि मग ताईंकडे वळून, अगदी प्रेमानं, "बाई, तुम्ही थकला आहात. घरी जा." बैठकीच्या वृत्तांतात त्यांचं बोलणं आलंच नाही. महिनाभरात त्यांना 'प्रकृतीच्या कारणास्तव' मुदतीआधी निवृत्त केलं. दोन खोल्यांना खात्याचं कुलूप लागलं. बोचकी हलवली त्या दिवशी मी रजेवर होतो. रजा मीच टाकली होती.

त्यांच्या जागी नवी मुलगी आली. हुशार, नम्र, महिन्याची सगळी पोरं एका दिवशी बोलवणारी. चार महिन्यांत आमचं नाव तक्त्याच्या खालून वर गेलं. वाया फक्त अकरा टक्के! साहेबांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मागच्या ओसरीवरच्या टाकीला जाळी बसवली. आणि पत्र्याच्या खोल्यांत पोरं जन्मत होतीच. ती काही हुकमाची वाट बघत नाहीत.

दीड वर्षानं गोवर आमच्या हद्दीत आला. पहिली केस पत्र्याच्या खोल्यांतली, तेरा महिन्यांची मुलगी. कुठंच घेतलं नाही तिला, कारण चिठ्ठ्या बंद. तिची आई ज्या घरी लादी पुसायला जायची त्या घरात एक बाळ होतं, कार्डवाल्यांचं, सात महिन्यांचं. सुई द्यायच्या वयाचं झालेलं नव्हतं. नऊ दिवस दवाखान्यात होतं ते. दहाव्या दिवशी गेलं. पत्र्याच्या खोल्यांतून त्या महिन्यात किती गेली, मला सांगता येणार नाही. त्यांचे आकडे ठेवायचे नाहीत, असाच नियम होता. टक्केसाहेबांनी नवा अहवाल लिहिला: नियमाची अंमलबजावणी पुरेशी कडक झाली नाही.

मी ताईंकडे गेलो. त्या आता कारखान्याच्या रस्त्यावर एका खोलीत राहत होत्या, भाड्याच्या. एकच खोली, तिला एकच खिडकी, आणि खिडकीत यजमान. त्यांनी मला पाहून मान फिरवली आणि रस्त्याकडे बघत बसले. नात आता शाळेत जायच्या वयाची झाली होती, खोलीभर धावत होती. ताई कपडे वाळत घालत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत, मी आपणहून बसलो.

बाळाबद्दल सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"किती महिन्यांचं?"

"सात."

 त्यांनी हातातला ओला पंचा झटकला आणि दोरीवर टाकला. "हे सांगायला आलात?"

"नाही... म्हणजे, मला चैन पडेना. तुमची माफी..."

"माफी?" त्या वळल्या. "माझं काय गेलं हो, कोठीभाऊ? दोन खोल्यांची एक झाली. ज्यांचं पोर गेलं त्यांच्याकडे जा ना माफी मागायला. नाहीतर माफी राहू द्या. एक काम करा. साहेबांना लिहून द्या, त्या सह्या खोट्या आहेत म्हणून. अजून वेळ गेलेली नाही, वस्तीत अजून पोरं आहेत. तुम्ही लिहिलंत तर चिठ्ठ्या सुरू होतील. माझं कुणी ऐकणार नाही, पण तुमची सही आहे. तुमची सही ते मानतात."

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. धाकट्याचं लग्न ठरत होतं. कोठीचं ऑडिट तोंडावर होतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही. काही गोष्टी सांगायचीसुद्धा लाज वाटते, एवढी लाज माझ्यात शिल्लक होती.

मी उठलो, चपला घातल्या आणि म्हणालो, "बघतो."

वीस वर्षं खात्यात काढलेली बाई ती. तिनं पुढचा कपडा उचलला.

"बघा," त्या म्हणाल्या. "आणि जाताना दार ओढून घ्या. पोर बाहेर पळतं."